नवऱ्याचा नायटा, सासूबाईंचं इसब, मुलीचा चेहरा: क्लोबेटासोल नेमकं कुणी लावायचं?

मीनाक्षी_पूर्वभाग

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण घरातल्या तिघांचा आहे, म्हणून एकाच ठिकाणी लिहिते.

आम्ही सोलापूरला, अशोक चौकाच्या पुढं राहतो. आमचे मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात लूमवर असतात. वर पत्रा, आत मशीनची गरमी, एप्रिल-मेमध्ये शर्ट पिळला तर पाणी निघतं. मागच्या उन्हाळ्यात त्यांना जांघेत नायटा उठला. मेडिकलमधून ट्यूब आणली, दोन-तीन दिवसांत खाज गेली, लाली गेली. बंद केली की आठवड्यात परत. परत लावली की परत बरं. असं करत करत आता मांडीवर, कंबरेच्या पट्ट्याखाली, पोटापर्यंत आलाय. आधी गोल दिसायचा, आता नुसता काळपट पसरट डाग. जांघेतली कातडी पातळ होऊन चिरा पडल्यात, बाळंतपणात पोटावर पडतात तशा.

सासूबाई बिड्या वळतात. ओलं पान, तंबाखू, दोरा, दिवसभर हात त्यातच. त्यांना तळहाताला आणि बोटांना इसब आहे. स्किनच्या डॉक्टरांनी मलम दिलं होतं, रात्री लावायचं, चांगला गुण आला. परवा दोन्ही ट्यूब शेजारी ठेवून वाचल्या तर दोन्हीवर क्लोबेटासोल ०.०५ टक्के. मिस्टरांच्या ट्यूबमध्ये त्याच्यासोबत अजून दोन-तीन नावं.

मुलगी अकरावीला आहे. ती तोंडाला वेगळी क्रीम लावते, मैत्रिणी लावतात म्हणून. त्यावर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन असं लिहिलंय. आधी रंग उजळला. आता उन्हात गेली की गाल लाल, हनुवटीवर मुरूम, गालावर बारीक लव. एक दिवस लावली नाही की तोंडाची आग होते म्हणते आणि परत लावते.

शेजारच्या बाईंनी सांगितलं की ही सगळी स्टिरॉइडं, किडनी जाते. ते ऐकून सासूबाईंनी मलम सोडलं. हात परत फाटले, बोटांतून रक्त येतंय, पान कापायला कात्री धरवत नाही. एकच औषध एकाला गुण देतं, दुसऱ्याचं वाढवतं, हे कसं काय? कुणाचं बंद करू, कुणाचं चालू ठेवू?

दत्ता_होटगी_रोड

वहिनी, स्टिरॉइड म्हणजे विषच. सगळ्या ट्यूब कचऱ्यात टाका. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळ करा, आमच्याकडं लहानपणापासून हेच.

सिस्टर_कुमठा_नाका

मीनाक्षीताई, मी बरीच वर्षं त्वचारोगाच्या ओपीडीत सिस्टर होते. तुम्ही लिहिलेलं घर मी टेबलापलीकडं पुष्कळदा बघितलंय. म्हणून आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: मिस्टरांची ट्यूब आजच बंद. सासूबाईंना त्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन जा, त्यांचं मलम बहुतेक परत चालू होईल. मुलीला याच आठवड्यात दाखवा.

दत्ताभाऊ, तुमची काळजी कळते, पण विष म्हणून सगळं फेकायला सांगू नका. स्टिरॉइडची मलमं त्वचेवर १९५२ पासून वापरात आहेत. इसबानं रात्र रात्र खाजवत बसणारी माणसं यांच्यामुळं झोपायला लागली. सासूबाईंनी मलम सोडलं आणि हातातून रक्त आलं, ते भीतीपायी आलं. निंबाच्या पाण्यानं अंघोळ करा हवी तर, पण त्यानं जुना पसरलेला नायटा जात नाही, आणि फाटलेल्या हातांना ते झोंबतं.

आता हे कसं घडतं ते. कातडीला काही बाधलं की शरीर तिथं सूज आणतं, लाली आणतं, खाज आणतं. स्टिरॉइड ही प्रतिक्रिया दाबतं. इसबात ती प्रतिक्रिया हाच आजार असतो, म्हणून दाबली की माणूस बरा होतो. नायटा बुरशीनं होतो. तिथली लाली म्हणजे शरीराची बुरशीशी चाललेली झटापट. ती दाबली की खाज थांबते, माणसाला वाटतं उतरला, आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. मिस्टरांच्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही असणार, पण तीन दिवस लावून सोडलं की ते पुरत नाही, आणि बरोबरचं क्लोबेटासोल त्याच्या कामावर पाणी फिरवतं. नायट्याची खूण म्हणजे उठलेली, कोंडा सुटणारी गोल कड. स्टिरॉइड लावलेल्या नायट्याची ती कडच मोडते. मग बघणाऱ्यालाही चटकन ओळखू येत नाही.

म्हणून तिथं तपासणी करून घ्या. फार सोपी असते. ब्लेडच्या कडेनं डागाच्या काठावरचा कोंडा हलकेच खरवडून काचेवर घेतात, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, थोडं थांबतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. कातडीच्या पेशी विरघळून पुसट झालेल्या असतात आणि त्यातून आडवे-तिडवे गेलेले बुरशीचे तंतू स्पष्ट दिसतात. जायच्या आधी त्या जागी काही लावू नका आणि घरातली ट्यूब सोबत न्या. मेडिकलवाल्याला काय सांगितलं, किती महिने लावली, हे सगळं डॉक्टरांना सांगा, लाजायचं कारण नाही. मिस्टरांना हेही सांगून ठेवा की ट्यूब बंद केल्यावर आधी खाज वाढेल, लाली उसळेल. पुष्कळ जण तिथंच धीर सोडतात आणि परत तीच ट्यूब उघडतात.

टक्क्याच्या आकड्यावर जाऊ नका, ही चूक शिकलेली माणसंही करतात. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का लिहिलेलं असतं आणि ते सौम्य. क्लोबेटासोल ०.०५ टक्के, आकडा केवढासा, पण लावायच्या स्टिरॉइडांमधलं ते सगळ्यात जोरदार. बीटामेथासोन, मोमेटासोन यांचा जोर या दोघांच्या मधे. क्लोबेटासोल मोठ्या माणसानंसुद्धा सलग २ आठवड्यांच्या वर आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर लावू नये असा नियम आहे, आणि तोंड, काख, जांघ या जागी तर नाहीच.

जागेचं महत्त्व किती, ते सांगते. १९६७ साली दोघा संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती आत जातं ते मोजलं होतं. कोपराखालच्या हातावर जेवढं शोषलं गेलं, त्याच्या कपाळावर ६ पट, जबड्यापाशी १३ पट, अंडकोषाच्या कातडीवर ४२ पट. तळहातावर उलट थोडं कमीच. तुमच्या घरातलं कोडं इथंच सुटतं ताई. सासूबाईंच्या तळहाताची कातडी जाड, तिथं सौम्य मलम आतच जात नाही, म्हणून डॉक्टरांनी जोरदार दिलं आणि ते बरोबर दिलं. मिस्टरांची जांघ म्हणजे पातळ कातडी, घाम, घडी, वरून घट्ट कपडा. मलम कोंडलं जाऊन आणखी आत जातं. त्या चिरा त्यामुळं पडल्यात. कातडीची जाडी सुधारते, पण चिरा राहतात, म्हणून लवकर थांबवायचं.

किडनीचं ऐकून घाबरू नका. तळहाताला थोडं मलम लावून किडनी जात नाही. जोरदार मलम अंगभर, महिनोन्‌महिने लावलं तर ते रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावतात. लहान बाळांना हा धोका जास्त, कारण अंगाच्या मानानं कातडी मोठी आणि लंगोट किंवा डायपरखाली मलम कोंडून राहतं. घरात कुणाचं तान्हं बाळ असेल तर ही ट्यूब रॅशला चुकूनही नको.

किती लावायचं, तेही सांगते, कारण कुणी नुसता ठिपका लावतं, कुणी लोण्यासारखं थापतं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, सांध्याच्या रेघेपासून टोकापर्यंत, ट्यूबमधून एक सरळ रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं. मोठ्या माणसाचे बोटांसकट दोन तळहात झाकतील एवढ्या जागेला ते पुरतं. सासूबाईंचे दोन्ही तळहात म्हणजे बरोबर एक पेर. यापेक्षा जास्त लावून गुण वाढत नाही.

मुलीबद्दल जास्त जीव लागतो. तिची क्रीम हे वांगासाठी डॉक्टरांनी मोजून, थोड्या आठवड्यांसाठी द्यायचं औषध आहे. रंग उजळायची क्रीम म्हणून ती हातोहात फिरते आणि कोवळ्या पोरींची तोंडं बिघडतात. लाली, आग, मुरूम, लव, लावली नाही की पेटणं, ही सगळी स्टिरॉइडनं बिघडलेल्या चेहऱ्याची लक्षणं आहेत. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या दुखण्याला वेगळं नावच दिलंय, इतकं ते इथं बोकाळलंय. २०१८ साली सरकारनं लावायची चौदा स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की डॉक्टरांची चिठ्ठी हवी. तरी काउंटरवर मागितली की मिळते, याचा मला आजही संताप येतो. मुलीला रागावू नका. तिला घेऊन जा.

लूमवाला_एमआयडीसी

सिस्टरनी सगळं सांगितलं. मी फक्त कारखान्याचं बोलतो, मला स्वतःला झालतं. गोळ्या-मलमाइतकंच कपड्याचं बघावं लागतं. आत दमट ठेवतात, सूत तुटू नये म्हणून, त्यात घाम आणि कापसाचे तंतू अंगाला चिकटतात. मी जीन्स बंद करून सैल सुती पँट चालू केली. पाळी संपली की तिथंच अंग पुसून आतला कपडा बदलायचा, ओल्या कपड्यावर सायकल मारत घरी यायचं नाही. घरी माझे कपडे वेगळे, गरम पाण्यात भिजवून, उलटे करून उन्हात. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, त्यामुळं बायको सगळे कपडे एकाच बादलीत घालायची, ते बंद केलं. सेकंडचा माल स्वस्तात मिळतोच की, घरात प्रत्येकाला वेगळा टॉवेल करा. आणि घरात अजून कुणाला खाज असेल तर त्यांनापण दाखवा. माझ्या भावाला होता, त्यानं दाखवलं नव्हतं, तोवर माझा जात नव्हता. डॉक्टरांनी मलम डागाच्या बाहेर दोन बोटं लावायला सांगितलतं, आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे. तेवढं पाळा.

मीनाक्षी_पूर्वभाग

सिस्टर, दादा, खूप आभार. आम्ही तिघांना घेऊन सिव्हिलला गेलो. मिस्टरांच्या तपासणीत बुरशी निघाली. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आणि साधं बुरशीचं मलम दिलंय. सासूबाईंना तेच जुनं मलम परत, रोज रात्री एकदा, दोन आठवडे, मग दाखवायला या म्हणाले. मुलीची क्रीम बंद करायला लावली, दुसरं औषध आणि सनस्क्रीन दिलंय. ती पहिल्या दिवसापासून रडतेय, तोंड सुजलंय.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. सासूबाई हातमोजे घालून बिडी वळू शकत नाहीत, पान बोटाला कळत नाही म्हणतात. आणि मिस्टरांना पित्ताचा त्रास आहे, ते पित्ताची गोळी घेतात, चालेल का?

सिस्टर_कुमठा_नाका

बरं झालं विचारलंत. पित्ताच्या गोळीचं डॉक्टरांना आजच कळवा. ही कॅप्सूल पोटातल्या आम्लामुळं अंगी लागते, पित्ताची गोळी ते आम्लच कमी करते, मग औषध अर्धवट शोषलं जातं. कॅप्सूल भरल्या पोटी, जेवणानंतर लगेच. हृदयाचा किंवा यकृताचा त्रास असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही सांगा, काही गोळ्या हिच्यासोबत चालत नाहीत. आणि बरं वाटलं म्हणून मध्ये सोडायची नाही.

सासूबाईंना वळताना मोजे जमणार नाहीत, खरं आहे. मग बाकीचे ओले हात वाचवू. भांडी, धुणं, मिरची कांडणं हे तुम्ही किंवा मिस्टरांनी घ्या, किंवा त्यांना आत सुती आणि वर रबरी मोजे द्या. काम झालं की साध्या पाण्यानं तंबाखू धुवायची, साबण कमी, टिपून कोरडे करायचे आणि लगेच व्हॅसलीन. दिवसातून जितक्या वेळा हात धुतले तितक्या वेळा. रात्री आधी मलम एक पेर, अर्ध्या तासानं वर व्हॅसलीन. मलम लावलेल्या हातावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची नाही, काही बायका करतात, त्यानं औषध फार आत जातं. ट्यूबवर मार्करनं त्यांचं नाव आणि चालू केल्याची तारीख घाला, म्हणजे घरातला दुसरा कुणी उचलणार नाही.

मुलीला सांगा की ही सूज औषध सुटल्यामुळं आहे आणि उतरते. काही महिने लागतात, मध्ये चांगले दिवस येतात आणि परत एखादा वाईट येतो. तोंडाला लिंबू, हळद, बेसन, वाफ काही नको. कॉलेजला जाताना सुती स्कार्फ, आणि दिलेलं सनस्क्रीन घरून निघायच्या आधी. फार आग झाली तर गार पाण्याची पट्टी ठेवायची. सूज डोळ्यांपर्यंत गेली किंवा पू दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी सकाळी ओपीडीत घेऊन जा.