आठ दिवसांत अख्खा व्हिएतनाम? पहिल्या परदेशवारीत तरी नको

वाटसरू
पेणकरांनी काल आपल्या पहिल्या परदेशवारीचा कार्यक्रम टाकला. दिवाळीची सुट्टी, आठ दिवस, आणि त्यात हनोई, हा लाँग, सापा, दा नांग, होई आन, सायगाव (म्हणजे हो ची मिन्ह सिटी), फू क्वोक. वर सल्ला : "एवढं तिकीट काढून जातोय तर पैसे वसूल झाले पाहिजेत. खाणं काय, वाटेत होतंच." खाली लोक "आम्हीही असंच करतो" लिहीत सुटलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नकाशा उघडा. उत्तरेतलं हनोई ते दक्षिणेतलं सायगाव रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा, गाडी तीस तासांहून जास्त घेते. म्हणजे विमान आलं. ते दोन तासांत पोचतं हे खरं, पण हॉटेल सोडा, विमानतळ गाठा, रांगेत उभे राहा, उतरल्यावर पट्ट्यापाशी बॅगेची वाट बघा, यात अर्धा दिवस गेलाच. तुमच्या कार्यक्रमात असे अर्धे दिवस किती ते मोजा. सापा तर डोंगरातलं, हनोईहून बसने पाच-सहा तास, आणि तेवढेच परत.

खरा राग आला तो "खाणं वाटेत होतंच" या वाक्याचा. हनोईत बुन चा, म्हणजे भाजलेलं पोर्क आणि तांदळाच्या शेवया, हे दुपारचं जेवण. फुटपाथवर गुडघ्याएवढी प्लास्टिकची स्टुलं, कोळशाच्या शेगडीवर लोखंडी जाळीत पोर्कच्या चपट्या वड्या, पोरगं हातपंख्याने वारा घालतंय, बाराच्या सुमाराला गल्लीभर धूर. दुपार टळल्यावर जाल तर बऱ्याच ठिकाणी टोप घासायला काढलेले. फो, म्हणजे तांदळाच्या शेवयांचं सूप, खायचं तर सकाळी. काओ लाउ, जाड शेवयांचं, होई आनचं, ते होई आनलाच खावं. ज्या गावात तुम्ही सकाळ-दुपार राहिलाच नाहीत, तिथलं खाणं मिळणार कुठून?

आणि दिवाळी! मध्य व्हिएतनामचा पावसाळा आपल्यासारखा नाही, तो सप्टेंबर ते डिसेंबर. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ह्वे आणि होई आन पाण्याखाली होते. दिवाळीत जायचं तर हनोईला उतरा, चार रात्री राहा, त्यातून हा लाँग नाहीतर निन्ह बिन्ह करा, मग सायगाव, आणि तिथूनच परत. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमानं आहेत, उलटं फिरायची गरज नाही. दोन शहरं बास.

पेणकर
वाटसरू, तुमचं वर्षातून दोनदा जाणं होत असेल. मी पाळीत काम करतो. सलग रजा मागितली की साहेबाचं तोंड वाकडं. आईला सत्तरी उलटून गेली, तिला पुन्हा परदेश कधी दाखवणार? माझ्या मेव्हण्याने तुमच्यासारखंच "एका ठिकाणी निवांत" केलं. तिसऱ्या दिवशी पोरं हॉटेलात मोबाईल घेऊन लोळत होती आणि परत आल्यावर चार लोकांत सांगायला काही नाही. मला धावपळ चालते. दमायला होईल, होऊ दे.

साताऱ्याची सून
शहरं दोन की सात, हे नंतर बघा. माझे सासू-सासरे माळकरी. त्यांनी तिथे खायचं काय? प्रत्येक भांड्यात माशाचा सॉस. एका देशात आम्हाला "व्हेज" म्हणून आणून दिलेल्या सूपच्या तळाशी सुकी कोळंबी निघाली. सासूबाई त्यानंतर परत येईपर्यंत केळी आणि राजगिरा लाडूवर राहिल्या. म्हणून मी सरळ सांगते : पहिल्यांदा जाताय, घरात म्हातारी माणसं आहेत, तर सोबत महाराज नेणारी टूर घ्या. गरम वरण-भात मिळतो.

तिखटजाळ
या टूरवाल्यांच्या जेवणाबद्दल मला बोलूच द्या. आमचा गट बँकॉकला होता. आजूबाजूला रस्तोरस्ती काय काय शिजतंय, आणि आम्हाला रोज संध्याकाळी बसमध्ये भरून शहराबाहेरच्या एका हॉलमध्ये. पनीर, जिरा राईस, पापड. जायला तास, यायला तास. संध्याकाळ ही फिरायची, खायची वेळ, ती सगळी बसमध्ये. पनीर खायला विमानात बसायचं कशाला?

साताऱ्याची सून
तुम्हाला मासे-मटण चालतं म्हणून हे सुचतंय. सासऱ्यांच्या गळ्यात लग्नाआधीपासून माळ आहे. ती काढून ठेवून फो खायचं का त्यांनी? शाकाहारी माणसाने जग बघूच नये, असंच तुमच्यासारख्यांचं म्हणणं असतं.

तिखटजाळ
असं मी कुठे म्हटलं? शब्द तोंडात घालू नका. माझी तक्रार टूरवाल्यांबद्दल आहे, तुमच्या सासऱ्यांबद्दल नाही.

निळीशाई
दोघेही थांबा. व्हिएतनाममध्ये शाकाहार नाही हा समज चुकीचा आहे. बौद्ध घरांतून चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण अमावास्या-पौर्णिमेला, बरेच लोक मांस-मासे खात नाहीत. त्या दिवशी शाकाहारी गाड्या वाढतात. एरवीही "कॉम चाय" अशी पाटी शोधायची, ती शाकाहारी खाणावळ. ह्वेमध्ये हा स्वयंपाक फार निगुतीने करतात. साध्या दुकानात मात्र "नुसती भाजी द्या" म्हणून भागत नाही, परतताना माशाचा सॉस पडतोच किंवा पाणी हाडांचं असतं. सूनबाईंसाठी एक गोष्ट आधीच सांगते : चाय खाणावळीत सोयाचे तुकडे हुबेहूब कोळंबीसारखे, केशरी रेघांसकट करतात. सासूबाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर ताट सरकवतील.

आता माझं दुखणं. दा नांगला जाणारे सगळे बा ना हिल्सवर, २०१८ साली उघडलेल्या, दोन प्रचंड हातांनी उचलून धरल्यासारख्या दिसणाऱ्या त्या पुलावर फोटो काढायला दिवस घालवतात. होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर मी सन आहे, चाम राजांची शिवमंदिरं, चौथ्या ते तेराव्या शतकातली. अमेरिकन बाँबफेकीत १९६९ साली त्यातलं सर्वात उंच देऊळ गेलं, बाँबचे खड्डे अजून दिसतात. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे जीर्णोद्धाराचं काम केलं, २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. पेणकर, तुमच्या यादीत पूल आहे का हो?

पेणकर
आहे. आईला शिवलिंग दाखवायला मिळत असेल तर पूल काढतो, फोटोवाचून काही अडत नाही.

साताऱ्याची सून
निळीशाई, पाटीचं उपयोगी आहे. पण रोज पाटी शोधत म्हातारी माणसं उन्हातान्हात फिरवायची हे मला पटत नाही. आमचे महाराजच बरे.

वाटसरू
सूनबाई, महाराज न्या, पण निदान सकाळ-दुपार तरी गटापासून सुटी घ्या.

पेणकर, तुमच्या रजेचं मला समजतं. म्हणूनच तर म्हणतो, आहेत तेवढे आठ दिवस रांगांत घालवू नका. त्यातून आईंना सात हॉटेलं. रोज सामान बांधा, रोज उचला. तिथल्या स्वस्त विमानांत हातातलं सामान ७ किलो, पुढच्या बॅगेचे पैसे वेगळे. ते हिशोबात धरलेत?

पेणकर
धरले नव्हते. बरं, सापा काढला, आईच्या गुडघ्यांसाठी. फू क्वोकही काढतो, समुद्र आम्हाला अलिबागलाही आहे. पण होई आन राहणार. आईने आकाशकंदिलांचं गाव म्हणून फोटो बघितलाय, दिवाळीत तिला तेच बघायचंय. पावसाचं बघून घेऊ.

वाटसरू
मग हॉटेल जुन्या गावात थू बॉन नदीच्या काठाला घेऊ नका, पाणी आधी तिथेच शिरतं. दा नांगला राहा, ते तीसेक किलोमीटरवर आहे, दिवस कोरडा बघून होई आनला जा. आणि मधलं तिकीट बदलता येईल असंच काढा, चार पैसे जास्त गेले तरी.