उतारावरची माती धरायची तर आधी चर की आधी आच्छादन? (ओघळ, नळीपातळी आणि भेगाळ या टोपणनावांच्या तिघांची चर्चा)

ओघळ: माझं मत स्पष्ट आहे. आधी जमीन झाका, कुदळ नंतर. समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले) सुटलेली माती अडवतात, पण ती सुटायची थांबत नाही. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगाने उघड्या मातीवर आदळतो आणि ढेकळं फोडतो. बारीक कण छिद्रांत बसून वर पातळ पापुद्रा धरतो, मुरणं मंदावतं आणि पाणी पळायला लागतं. हेक्टरी ४-५ टन पेंढा सारखा पसरला तर थेंब मातीपर्यंत पोचतच नाही.

नळीपातळी: साफ असहमत. वरच्या अंगाने एकवटून येणारं पाणी पेंढा उचलून नेतं आणि खालच्या मोरीचं तोंड बुजवतं. हिशेब बघा: १ हेक्टर, ५० मिमी पाऊस, त्यातला ४०% वाहिला तर २०० घनमीटर पाणी. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल चरात मीटरमागे १८० लिटर मावतं. म्हणजे हेक्टरी साधारण १,१०० मीटर चर, दोन ओळींत ९ मीटर अंतर. हे काम पहिल्याच पावसाला उपयोगी पडतं. ओळीत लावलेल्या वाळ्याच्या गवताची भिंत दाट व्हायला दोन-तीन हंगाम जातात, तोवर काय करायचं?

ओघळ: हिशेब बरोबर, पण फक्त पहिल्या वर्षापुरता. मधले पट्टे उघडे ठेवून वर्षाला हेक्टरी २० टन माती सुटली, तर चरांत सुमारे १५ घनमीटर गाळ बसतो. पाच वर्षांत एक तृतीयांशाहून जास्त जागा गेली. गाळ दरवर्षी काढणार कोण? आणि सलग चरात एक जागा जरी १० सेंमी खाली राहिली तर सगळ्या ओळीचं पाणी तिथूनच फुटतं. जिथे पाणी पसरून वाहत होतं तिथे आपणच घळ पाडून देतो.

नळीपातळी: ती चूक आखणीची. समान पातळी आखायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात; तिच्यात हवेचा बुडबुडा राहिला की दोन्ही टोकांची पातळी खोटी दिसते, आणि लोक नेमकं तेच तपासत नाहीत. नळी उभी धरून, टिचक्या मारून बुडबुडे काढायचे, मग दर ५ मीटरवर खुंटी. चर सलग खोदायचा नाही, दर १० मीटरवर मातीची आडवी भिंत सोडायची, म्हणजे एक कप्पा फुटला तरी बाकीचे रिकामे होत नाहीत. काढलेली माती खालच्या अंगाला, काठापासून ३० सेंमी सोडून.

भेगाळ: माती कोणती, हे दोघांनीही विचारलेलं नाही. भारी चिकण मातीत पाणी मुरत नाही, चरात साचून राहतं. उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात, पहिल्या जोरदार पावसात त्यातून धार लागते आणि बांध आतून पोखरला जातो. अशा जमिनीत समतल काम नकोच. ढाळीचे बांध घाला, १०० मीटरला २० ते ४० सेंमी ढाळ द्या आणि पाणी गवताच्या पाणवाटेत (पाणी खाली नेणाऱ्या, गवत लावलेल्या उथळ वाटेत) सोडा. पाणवाट बांधाच्या एक हंगाम आधी तयार हवी, नाहीतर सगळं पाणी कोवळ्या गवतावर येऊन ते मुळासकट जातं. दरड घसरण्याजोग्या उतारावर तर चर धोक्याचेच. मुरलेल्या पाण्याने मातीचं वजन वाढतं, आतला दाब वाढतो आणि तिची पकड सुटते.

ओघळ: भारी मातीबद्दल पटलं. पण हलक्या मातीत माझा आग्रह कायम: चर खणायचेच असतील तर त्याच आठवड्यात मधले पट्टे झाका.

नळीपातळी: तेवढं मान्य. क्रम मात्र मी बदलणार नाही: आधी वरून येणारं पाणी वळवायचं, मग चर, मग पेंढा. आणि चरातून काढलेल्या मातीच्या भरावावर वाळ्याचे ठोंब १०-१५ सेंमी अंतराने. मेलेला ठोंब त्याच पावसाळ्यात बदला, कारण त्या एका फटीतून पाणी एकवटून निघतं आणि शेजारच्या ठोंबांची मुळं उघडी पाडतं.