‘कारणं सांगणं बंद करा’ म्हणणाऱ्यांना एका विज्ञानाच्या मास्तराचं उत्तर

खडू_फडकं:
काल इथं ‘बर्डीचा भाऊ’ यांनी लिहिलं, की विज्ञानाच्या शिक्षकांना प्रशिक्षणावर प्रशिक्षण मिळते, तरी वर्गात खडू आणि फळाच. जिद्द असली तर भंगारातूनही प्रयोग होतात, बाकी सगळी कारणं. वाचून झोप गेली, म्हणून लिहितो.

मी नागपूर जिल्ह्यातल्या एका शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो, गणितही माझ्याचकडे. 2019 पासून निष्ठा हे सरकारी शिक्षक-प्रशिक्षण, मग दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स. व्हिडिओ पाहा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र उतरवून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला 50 तास म्हटलंय. ते तास मी आवाज बंद करून, जेवता जेवता भरतो. कबूल. माझ्या वर्गात अडलेलं त्यात कधी येतच नाही.

उदाहरण देतो. एकदा सातवीत पाणी उकळून दाखवलं. स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र, तापमापी. पुस्तकात 100. आमचा पारा 99 वर अडून बसला. एका पोरीनं वहीत 99 लिहिलं. मी तिला ते खोडून 100 लिहायला लावलं. मला कारण माहीत नव्हतं, घंटा व्हायला पाच मिनिटं होती, आणि शाळेत विज्ञानाचा मी एकटा. शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, विषय काढला तर उत्तर आलं, “सर, तुमची यू-डायसची माहिती राहिली आहे.” म्हणजे शाळेच्या आकडेवारीचा सरकारी फॉर्म.

भंगाराची कमी नाही हो. अरविंद गुप्तांची टाकाऊ वस्तूंची विज्ञान-खेळणी मीही दरवर्षी करतो. प्रयोग फसला की दुसऱ्या दिवशी विचारायला माणूस नाही, ती कमी आहे. इटारसीच्या पलीकडे होशंगाबादला 1972 मध्ये 16 शाळांत विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला होता. तिथं शिक्षक उन्हाळ्यात स्वतः प्रयोग करून शिकत, दर महिन्याला बसून काय जमलं, काय फसलं ते मांडत, आणि कुणीतरी वर्गात येऊन शेजारी उभं राहत असे. 2002 मध्ये सरकारनं तो बंद केला. मला तसं काहीतरी पाहिजे. 51 वा तास नको.

बर्डीचा भाऊ:
लय टोचलं वाटते सर. व्हिडिओ आवाज बंद करून पाहता, अन् मग म्हणता प्रशिक्षणात काही नसते! माझी आई मास्तरीण होती. साठ पोरं, एक भिंग. कोणाला विचारायला गेली नाही ते. अन् महिन्याची बैठक म्हणता, तर शिक्षण परिषद काय आहे? सही ठोकून पळता तुम्हीच लोकं.

एकच_साइड:
बैठकीला वेळ कुठं आहे भाऊ? मी शिक्षक, वर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम माझ्याकडे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 27 मध्ये शिक्षकाला शिकवण्याबाहेरची जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच कामं आहेत म्हणतात, पण मतदार यादी बाराही महिने चालते. त्यात 1 सप्टेंबर 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. सेवेची पाच वर्षांहून जास्त राहिली असतील तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्या. वीस वर्षं शिकवून आता मी बालमानसशास्त्राचे पर्याय पाठ करतोय. प्रयोग कसले करता!

गणेशपेठ_कूलरवाला:
ते टीईटी-बीटीईटी राहू द्या. मला 99 सांगा. तापमापी खराब असन.

पेंच_कन्हान:
तापमापी कशाला खराब? आपल्या नळाच्या पाण्यात क्षार आहेत, त्यानं फरक पडतो.

निवृत्त_बाई:
पेंच_कन्हान, क्षारानं उत्कलनबिंदू वाढतो, घटत नाही. नळाच्या पाण्यातल्या क्षारानं तर शाळेच्या तापमापीला कळेल एवढंही होत नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर वर आहे. वर गेलं की हवेचा दाब कमी, आणि साधारण 300 मीटरला एक अंश खाली. आपल्याकडे पाणी 99 च्या जवळच उकळणार. त्या मुलीनं बरोबर लिहिलं होतं, सर.

गणेशपेठ_कूलरवाला:
काहून बाई, नागपूर काय चिखलदरा आहे का?

निवृत्त_बाई:
चिखलदऱ्याला आणखी कमी भरेल. जाऊन पाहा.

दहावीचा_बाप:
बाई, हे ज्ञान बोर्डाला सांगा! माझ्या पोरीनं सराव परीक्षेत ‘99, कारण नागपूर’ लिहिलं. मीच सांगितलं होतं तिला, मी इंजिनिअर आहे. गुण शून्य. शाळेत गेलो तर मॅडम म्हणाल्या, पुस्तकात असेल ते लिहायचं. आता पोरगी घरात माझं काही ऐकत नाही.

एकच_साइड:
मॅडमनं काय करायचं मग? दहावीला 40-40 चे दोन लेखी पेपर आणि 20 गुण शाळेच्या हातात. आदर्श उत्तर बदलायचा अधिकार तिला आहे का? तुम्ही इंजिनिअर लोक एका गुणासाठी मुख्याध्यापकांपर्यंत जाता, आणि विज्ञान कक्षाला दहा वर्षं कुलूप आहे ते विचारायला एक पालक येत नाही.

दहावीचा_बाप:
फी भरतो मी. कुलूप उघडणं माझं काम नाही.

खडू_फडकं:
घ्या! हेच उत्तर मला पाच वर्षांपूर्वी पाहिजे होतं. ते इथं, भांडणात मिळालं. बाई, पण एक शंका. तापमापीच एक अंश चुकीचा असला तर? मग मी उंचीची गोष्ट सांगून पोरांना खोटंच शिकवीन.

निवृत्त_बाई:
बरोबर धरलंत. शाळेच्या तापमापीत एखाद्या अंशाची चूक सहज असते. आधी तो वितळत्या बर्फात बुडवा. शून्य दाखवला तर निदान तिथं तरी खरा बोलतो. मग चार-पाच तापमापी, वेगवेगळे गट, आणि सगळ्यांचे आकडे फळ्यावर. कोणाचंही खोडायचं नाही. वाद घालू द्या त्यांना. मी तीस वर्षं एवढंच केलं, आणि तेही मला एका सहकारी बाईंनी शिकवलं, प्रशिक्षणात नव्हे. शून्य सावलीचंही तेच, म्हणजे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते ती. आपल्याकडे ती 26 मेच्या आसपास, तेव्हा शाळा बंद. परत 17 जुलैच्या सुमारास, तेव्हा आभाळ. पुस्तक नागपूरचा विचार करून छापत नाहीत, तो आपण करायचा.

बर्डीचा भाऊ:
म्हणजे बाईंना सहकारी होत्या म्हणून जमलं. चला, सरांचा मुद्दा अर्धा मान्य. अर्धाच. बाकी अर्धा आवाज चालू करून व्हिडिओ पाहिल्यावर. आईला फोन केला होता. तिच्याही शाळेत एक जोशी मास्तर होते म्हणे, रोज सायकलवर सोबत यायचे अन् उद्याचा धडा रस्त्यातच ठरायचा. हे मला तिनं कधी सांगितलंच नव्हतं.

पेंच_कन्हान:
मी तरी म्हणतो क्षार.

दहावीचा_बाप:
आत्ता घरी चहाच्या आधणात तापमापी घातला. नुसतं ‘एच’ दाखवते.

निवृत्त_बाई:
अहो, तो तापाचा आहे. काढा आधी बाहेर!