बी विंग ग्रुप, नांदेड : टीव्हीचा आवाज

सचिन (३०१): २०१ वाल्यांना हात जोडून विनंती. रात्री साडेदहाच्या बातम्या आमच्या बेडरूममध्ये ऐकू येऊ लागल्यात. पोरीची दहावी आहे.

मनीषा (२०१): सॉरी सचिनभाऊ. मी आवाज कमी केला की बाबा परत वाढवतात.

अनंतकाका (२०१): मला नीट ऐकू येतंय. आजकालचे लोक तोंडातल्या तोंडात बोलू लालेत.

वैशाली (१०४): काका, रागावू नका, पण ओपीडीत हे रोज ऐकते मी. "ऐकू येतं, पण कळत नाही." वयानं आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ, थ असली अक्षरं. जाडे आवाज शाबूत राहतात. म्हणून खालून गेलेली बुलेट ऐकू येते अन् नातवाचं बोलणं निसटतं. काका खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसंच ऐकू येतं.

विठ्ठलराव (१०२): लसणाचं कोमट तेल टाका. आमच्या माईनं जन्मभर तेच केलं.

वैशाली (१०४): नका हो टाकू! पडद्याला छिद्र असलं तर तेल थेट आत जातं. आधी डॉक्टरकडून मळ बघून घ्या. कित्येकदा नुसता मळ काढला तरी भागतं. काडी, पिन, स्कूटरची किल्ली घातली की तो आणखी आत सरकतो.

सेक्रेटरी: टँकर आलाय. २० मिनिटं मोटर चालेल.

मनीषा (२०१): घरी काही बघता येतं का? दवाखान्याचं नाव काढलं की चिडतात.

वैशाली (१०४): येतं की. कुजबूज चाचणी. बाबांच्या मागं हातभर अंतरावर उभी राहा, तुझे ओठ दिसायला नकोत. एका कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा बोटानं दाबून चोळत राहायचा, म्हणजे तो कान बाद. श्वास पूर्ण सोडायचा आणि कुजबुजायचं, "चार, क, दोन". तिन्ही बरोबर आले तर पास. चुकलं तर नवे तीन. सहांतले तीन तरी यायला पाहिजेत. मग दुसरा कान, आकडे-अक्षरं बदलून. पंखा बंद. अन् टँकरची मोटर थांबल्यावर 😀

सचिन (३०१): फोनवर नाही का काही?

वैशाली (१०४): आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं 'हिअर डब्ल्यूएचओ', २०१९ पासून, फुकट. इअरफोन लावायचे, खरखरीत तीन-तीन आकडे येतात, ते दाबायचे. १०० पैकी मार्क. ७५ च्या वर ठीक, ५० च्या खाली आले तर गाठायचा डॉक्टर. तू कर खुशाल. काकांना मी देणार नाही. इंग्रजी आकडे अन् टचस्क्रीन, कान बरा असून माणूस नापास. तसंही दोन्ही नुसत्या चाळण्या आहेत, किती डेसिबल गेलंय ते ऑडिओमेट्रीत, म्हणजे दवाखान्यातल्या यंत्रावरच्या कान-तपासणीत कळतं.

शुभांगी (४०२): ताई, आमचं बाळ तीन आठवड्यांचं. थाळी वाजवली की दचकतं. म्हणजे ठीक ना?

वैशाली (१०४): थाळीवर जाऊ नकोस गं. अर्धवट ऐकणारं बाळही दचकतं. ओएई नावाची कानाची तपासणी करून घे. झोपेत कानात छोटी गुंडी ठेवतात, काही मिनिटांचं काम, दुखत नाही. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, असा हिशोब असतो. काचपेटीत होतं ना ते आठवडाभर? मग बेरा पण विचार, आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी. अशा बाळांना नुसती ओएई पुरत नाही.

मनीषा (२०१): झाली कुजबूज. उजवा पहिल्याच फेरीत पास. डाव्यात सहांतला एकच आला.

अनंतकाका (२०१): डाव्या बाजूला ती कुजबुजलीच नाही.

वैशाली (१०४): काका, वयाचं असलं की साधारण दोन्ही कान सारखेच जातात. एकच मागं पडलाय म्हणजे मळ असेल नाहीतर दुसरं काही, ते बघावंच लागेल. हे हळूहळू झालं का एकदम?

अनंतकाका (२०१): दिवाळीपासून असंल.

वैशाली (१०४): मग ठीक. रात्रीतून गेला असता तर आत्ताच गाडीत बसवलं असतं तुम्हाला. सोमवारी विष्णुपुरीला सरकारी मेडिकलला चला, कान-नाक-घसा ओपीडी. शुगरची फाईल घ्या.

अनंतकाका (२०१): सोमवारी नको, मोंढ्यात काम आहे. मंगळवारी येतो.