मदत हवी आहे : परदेशातल्या गच्ची-शेती गटाशी जोडून घ्यायचंय

नमस्कार मंडळी. गच्चीवर भाजी पिकवणारा आमचा छोटा गट आहे. दुसऱ्या देशातल्या अशाच एका गटाशी ओळख झाली आणि उत्साहाच्या भरात आम्ही त्यांना टपालाने बिया पाठवल्या. पाकीट कस्टम्समध्ये अडकलं. चूक आमचीच! बियांसोबत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, हे पाकीट चिकटवून, तिकीट लावून पाठवल्यावर कळलं. मूठभर बियांतूनही रोग जाऊ शकतो, त्यामुळे नियमावर राग नाही.

आता बियांऐवजी अनुभवांची देवाणघेवाण करायचं ठरतंय. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथून क्युबाला येणारं खत-इंधन आटलं आणि तुटवडा पडला, तेव्हा राजधानी हवानातल्या लोकांनी रिकाम्या जागांवर उंच वाफे बांधले, त्यात कंपोस्ट भरलं आणि भाजी काढली. असलं ज्ञान कुठल्याही कस्टम्समध्ये अडकत नाही. पण गच्चीवर ते जसंच्या तसं चालणार नाही. फूटभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला साधारण ५०० किलो वजन, स्लॅब काय म्हणेल?

तर विचारायचं असं, की दोन देशांतल्या गटांनी मिळून काम केल्याचा कुणाला अनुभव आहे का? हवामान वेगळं असताना नोंदी कशा जुळवल्या? शहरातली अन्नव्यवस्था सुधारण्यासाठी जगभरातल्या शहरांनी केलेला २०१५चा मिलान अन्न धोरण करार माहीत आहे, पण त्यावर सह्या महापौरांच्या. आपलं शहर त्यात असेल तर आमच्यासारख्यांनी नेमकं कुणाला गाठायचं? आणि प्रमाणपत्र काढून बिया पाठवलेलं कुणी असेल, तर किती दिवस लागले तेही सांगा.