गणिताच्या तासाला पीपीटी कशाला? (आणि एकूणच डिग्री कॉलेजच्या वर्गात स्क्रीन हवी का)

खडूधारी:
बीएस्सीला गणित शिकवतो, तालुक्याच्या गावचं अनुदानित कॉलेज. नॅक (कॉलेजांना दर्जा देणारी समिती) येणार म्हणून वर्गावर्गात प्रोजेक्टर बसले, दोन ठिकाणी इंटरॅक्टिव्ह बोर्डही आले आणि आता वरून फर्मान, प्रत्येकाने आयसीटी (म्हणजे कॉम्प्युटर, स्क्रीन वगैरे) वापरल्याचे पुरावे द्या, फोटोसकट. आमच्यातले काहीजण स्लाइड लावतात, फोटो काढतात आणि मग फळ्याकडे वळतात, ते शहाणे. जे खरंच पीपीटीवर शिकवतात त्यांच्याबद्दल बोलायचंय. सिद्धता फळ्यावर लिहिताना हात जेवढा चालतो तेवढीच मुलांची डोकी चालतात. मी मध्येच थांबतो, डेल्टा, म्हणजे सीमेच्या सिद्धतेत एप्सिलॉन दिल्यावर आपण निवडायची छोटी संख्या, किती घ्यायचा विचारतो, कोणीतरी भलतंच सांगतं, ते तसंच लिहून पुढे नेतो, चार ओळींनी गाडी अडते, मग पुसायचं. शिकणं त्या पुसण्यात असतं. स्लाइडवर डेल्टा आधीच एप्सिलॉन भागिले तीन होऊन बसलेला असतो, पोरांना वाटतं आकाशातून पडला, पाठ करून टाकतात. आणि मला जुनाट म्हणू नका, हागोरोमो नावाचा जपानी खडू २०१५ ला बंद होतोय कळल्यावर अमेरिकेतल्या गणिताच्या प्राध्यापकांनी खोकीच्या खोकी भरून ठेवली होती (नंतर कोरियात त्याच मशिनींवर परत सुरू झाला तो). त्यांच्याकडे काय प्रोजेक्टर नव्हते?

भौतिकवाली:
सर पीपीटी वाईट हे मान्य, पण त्यावरून सगळी स्क्रीनच वाईट हे कुठलं लॉजिक? तुम्ही भांडताय पीपीटीशी आणि निकाल देताय कॉम्प्युटरविरुद्ध. माझं घ्या. फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट, प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन निघणं. लॅबमधला सेट आजारी, चालला तरी पंधरा जण त्यावर वाकलेले, मागच्याला काय दिसणार. मी फेटचं सिम्युलेशन लावते, कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलवाल्या कार्ल वीमननी २००२ ला सुरू केलेला प्रकल्प, फुकट आहे. लाल प्रकाश ठेवायचा आणि आधी वर्गाला विचारायचं, तीव्रता वाढवली तर इलेक्ट्रॉन निघतील का? बहुतेक हात वर. वाढवते, एकही निघत नाही. शेवटपर्यंत वाढवते, तरी नाही. मग निळ्याकडे सरकवलं की मंद प्रकाशातही निघायला लागतात. जो गप्पगप्प होतो ना वर्ग तेव्हा, ते फळ्यावर लिहून होत नाही हो. फळ्यावर मी "तीव्रतेवर अवलंबून नाही" लिहिते, ते उतरवून घेतात, विषय संपला.

खडूधारी:
मॅडम तुमचं उदाहरण चांगलं आहे, पण त्यात काम कोणी केलं? "आधी सांगा काय होईल" या प्रश्नाने. ते सिम्युलेशन विचारल्याशिवाय नुसतं चालवून दाखवा, बघतील आणि विसरतील. आणि गणितात स्क्रीन खोटंही बोलते. साइन एक-भागिले-एक्सचा आलेख जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये काढा आणि शून्याजवळ झूम करत जा. सॉफ्टवेअर ठरावीक बिंदू काढून जोडणार, तिथे फंक्शन अगणित वेळा वरखाली होतंय, स्क्रीनवर मात्र काहीतरी तुटकं, वेडंवाकडं, पूर्ण चुकीचं. पोरगं म्हणणार सर आलेख असाच आहे, कॉम्प्युटरने दाखवलाय.

भौतिकवाली:
अहो मग तोच तास घ्या ना!! "कॉम्प्युटर इथे का फसला" यावर सीमा आणि सातत्य दोन्ही शिकवून होईल. खडूने तुम्ही तो आलेख काढता तेव्हा शून्यापाशी काय काढता? काळा गिचमीड पट्टा. तो खरा आहे का?
बाकी प्रश्न विचारण्याचं श्रेय प्रश्नालाच, यात वादच नाही. हार्वर्डचे एरिक माझूर १९९० च्या दशकापासून तसंच शिकवतायत, प्रश्न टाकायचा, मुलांनी मत द्यायचं, शेजाऱ्याशी भांडायचं, परत मत द्यायचं. सुरुवातीला हात वर करून आणि कार्डं दाखवूनच चालायचं, क्लिकर (मत नोंदवायचे छोटे रिमोट) नंतर आले.

सिव्हिलकर:
म्हणजे मॅडमनी स्वतःच सरांची केस जिंकून दिली 😄 २००८ ला एक पेपर आला होता, क्लिकर विरुद्ध पुठ्ठ्याची कार्डं. शिकण्यात फरक नाही! ए बी सी डी लिहिलेले चार पुठ्ठे, खर्च झेरॉक्सएवढा. आणि शिवाय लॅपटॉपवर नोट्स घेणाऱ्यांना कमी समजतं असाही २०१४ चा प्रसिद्ध अभ्यास आहे अमेरिकेतला.

भौतिकवाली:
तो २०१४ वाला नंतर लोकांनी परत करून बघितला, २०२१ मध्ये तसा फरक सापडला नाही. अर्धंच फॉरवर्ड फिरतं नेहमी. आणि आपल्याकडे लॅपटॉप असतो कोणाकडे वर्गात? मोबाईल असतो, आणि तो बेंचखाली असतो.

एसवायवाला:
विद्यार्थी बोलू का. खरं सांगायचं तर आम्ही तासाला बसतो हजेरीसाठी, शिकतो एनपीटीईएलवरून (आयआयटीवाल्यांचे व्हिडिओ कोर्स) आणि यूट्यूबवरून, दीड स्पीडला. कारण रेकॉर्डिंग मागे घेता येतं, सरांना मागे घेता येत नाही. फळ्याचं म्हणाल तर सगळे तास संपला की फोटो काढतात, कोणी लिहून घेत नाही, त्यामुळे "हात चालतो तेवढं डोकं चालतं" हे सरांच्या हाताबद्दल असेल, आमचे हात चालतच नाहीत. पीपीटीवाले सर मात्र स्लाइड वाचून दाखवतात ते सगळ्यात वाईट, ते ग्रुपवर टाकून द्या ना, आम्ही घरी वाचू.

तासिकावाला:
सगळे छान बोलताय. मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे, मानधन कधी येईल ते देव जाणे, आणि माझा डेटा, माझा लॅपटॉप, माझ्याच खिशातून घेतलेलं एचडीएमआयचं कन्व्हर्टर. कॉलेजचा इंटरॅक्टिव्ह बोर्ड दोन सरांना चालवता येतो, त्यातले एक रिटायर झाले. पण मला खरी भीती वेगळीच आहे. स्वयं या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून क्रेडिट घ्यायची मर्यादा यूजीसीने २०१६ ला वीस टक्के ठेवली होती, २०२१ ला चाळीस केली. रिकाम्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, उद्या कोणीतरी म्हणेल पोरं ऑनलाइन करतायत की, प्राध्यापक कशाला. तुम्ही खडू की स्क्रीन यावर वाद घाला, तिकडे माणूसच काढायची तयारी चाललीय.

सिव्हिलकर:
दादा हे मात्र ओढूनताणून वाटतं. ज्या कॉलेजात डेटा सायन्स शिकवायला माणूसच नाही तिथल्या मुलाला स्वयंवर आयआयटीतल्या माणसाचा कोर्स मिळाला तर वाईट काय?

तासिकावाला:
वाईट काहीच नाही. शंका कोणाला विचारायची तेवढं सांगा.

ऐकणारी:
मी एमए करते, मला दिसत नाही. वरची सगळी चर्चा स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ऐकली. कोणालाच आम्ही आठवलो नाही म्हणून लिहितेय. बीएला असताना अर्थशास्त्राचे सर फळ्यावर आलेख काढून म्हणायचे, "ही रेषा इकडून अशी खाली आली बघा". इकडून म्हणजे कुठून? खडूचा आवाज तेवढा यायचा. ज्या मॅडम टाइप केलेल्या नोट्स मेल करायच्या त्यांचा विषय मी स्वतः शिकले, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, मराठीही वाचतं. पण नोट्स युनिकोडमध्ये हव्यात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं की अगम्य अक्षरं ऐकू येतात, आणि पुस्तकाच्या पानाचे फोटो काढून पीडीएफ केली तर काहीच ऐकू येत नाही, माझ्या दृष्टीने कोरे कागद. एसवायवाला, फळ्याचे फोटो ग्रुपवर टाकतोस ना, ते पण तसेच.

खडूधारी:
ताई, मुद्दा मोठा आहे. तरी मला वाटतं यातलं अर्धं उत्तर तोंडात आहे. "इकडून तिकडे" न म्हणता "मागणी वाढत गेली तशी" असं शिक्षकाने पूर्ण बोललं पाहिजे, त्याला प्रोजेक्टर लागत नाही.

ऐकणारी:
बरोबर सर. पण परीक्षेच्या आदल्या रात्री तुमचं तोंड माझ्याकडे नसतं. तेव्हा फाइल लागते.

भौतिकवाली:
👏

खडूधारी:
माझ्या नोट्स हाताने लिहिलेल्या आहेत, सगळी समीकरणं. लाटेकमध्ये (समीकरणं टाइप करायचं सॉफ्टवेअर) टाइप करायच्या म्हणजे सुट्टी जाईल अख्खी. करतो म्हणत नाही, पण वास्तव विश्लेषणाच्या (रिअल अॅनालिसिस) पेपरपासून सुरुवात होऊ शकते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल या ऑनलाइन धड्यांमध्ये लाटेक आहे, तिथून शिकतो.

तासिकावाला:
कायम असलेल्या प्राध्यापकाला सुट्टी तरी असते सर. आमच्याकडून असल्या नोट्स टाइप करून घेणार असाल तर ते तास कुठल्या बिलात लावायचे तेही ठरवा.