एल, एली, एलोहीम

प्रश्न : ‘अब्राहम म्हणजे ब्रह्मा आणि एल म्हणजे आपली इळा’ असा मजकूर सध्या फिरतोय. बायबलमधल्या ‘एल’चा संस्कृतशी खरंच काही संबंध आहे का? डॅनिएल, मायकेल, इस्रायल या सगळ्यांत तोच ‘एल’ का?

— दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो, पहिल्याचं नाही. ‘एल’ सेमिटिक भाषांतला, म्हणजे हिब्रू, अरबी यांच्या कुळातला. प्राचीन मेसोपोटेमियाच्या अक्कडी भाषेतला ‘इलू’ त्याच्या नात्यातला. अर्थ देव. डॅनिएल म्हणजे ‘देव माझा न्यायाधीश’, मायकेल (मिखाएल) म्हणजे ‘देवासारखा कोण?’. नुसत्या ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही. शब्द कुठल्या लोकांत, कुठल्या काळात वापरला गेला ते पाहावं लागतं.

आणि इथे ते पाहता येतं. 1928 साली सीरियाच्या किनाऱ्याजवळ एका शेतकऱ्याच्या नांगराला जुन्या थडग्याचा दगड लागला. पुढच्या उत्खननात, रास शामराच्या टेकाडात, उगारित नगर सापडलं. तिथल्या इ.स.पू. 14व्या-13व्या शतकांतल्या मातीच्या पाट्यांवर ‘एल’ हे चक्क एका देवाचं नाव आहे : देवसभेचा पांढऱ्या दाढीचा वडीलधारा, ‘वृषभ एल’, अथिरत ही त्याची पत्नी.

— म्हणजे यहुद्यांनी कनानी लोकांचा (त्या भागातल्या प्राचीन रहिवाशांचा) देव उचलला असं म्हणायचं का?

— ‘उचलला’ म्हणू नये. प्राचीन इस्रायली त्याच कनानी जगातले आणि हिब्रू ही उगारितीच्या नात्यातली भाषा. शब्द त्यांच्या घरचाच होता. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देव मोशेला सांगतो की, अब्राहामाला मी ‘एल शद्दाय’ म्हणून दिसलो, यहोवा या नावाने त्याला माझी ओळख नव्हती. दोन नावांचा सांधा ग्रंथाने लपवलेला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. इस्रायल या नावातही ‘एल’च आहे.

‘एलोहीम’ हा बायबलमधला देवासाठीचा दुसरा शब्द. त्याचं व्याकरण तर मुद्दाम पाहावं. ‘-ईम’ हा अनेकवचनी प्रत्यय. पण ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या ओळीत ‘बारा एलोहीम’ आहे, आणि ‘बारा’ (निर्माण केलं) हे क्रियापद एकवचनी! आपण ‘विठोबा आले’ म्हणताना नाम एकवचनी ठेवून क्रियापद अनेकवचनी करतो. हिब्रूत नेमकं उलटं. परक्यांच्या देवांबद्दल बोलताना मात्र तोच शब्द खऱ्या अनेकवचनात येतो : ‘एलोहीम अहेरीम’, इतर देव.

— अलिबागकडचे बेने इस्रायल (कोकणातले मराठी यहुदी) मलिदा या विधीत ‘एलियाहू हन्नाबी’चं (संदेष्टा एलियाहूचं) नाव घेतात. गोड पोहे, खोबरं, फळं मांडतात. त्यातही हाच एल?

— हाच. एलियाहू म्हणजे ‘याहू (यहोवा) हाच माझा एल’, दोन्ही नावं एकाच नावात. कर्मेल डोंगरावर बाल या कनानी देवाच्या पुजाऱ्यांपुढे उभ्या राहिलेल्या संदेष्ट्याला याहून चपखल नाव नसतं. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 27व्या अध्यायात येशू क्रुसावरून ‘एली, एली’ (माझ्या देवा, माझ्या देवा) अशी हाक मारतो, तेव्हा जवळ उभे असलेले काही जण म्हणतात, हा एलीयाला (म्हणजे एलियाहूलाच) बोलावतोय. येशूची ती हाक म्हणजे बायबलमधल्या 22व्या स्तोत्राची पहिलीच ओळ.

लिहिताना ख्रिस्ती संदर्भात ‘एलीया’, बेने इस्रायलांच्या संदर्भात ‘एलियाहू’ ठेवावं. व्यक्ती एकच.